ठेवायच्या पेट्यांना चुना

मी पार्शाचा, पेडणे तालुक्यातला. वर काजू, खाली माड, मधे भात, असा आमचा गाव, आणि त्यात आमचं सुतारांचं घर. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, माझा बाप मेस्त, आजा मेस्त, मी पण मेस्तच, नाव शांताराम, पण नावानं हाक मारणारी माणसं आता उरली किती. जन्म पोर्तुगीज आमदानीतला, तारीख विचारू नका, काजूची बोंडं पडायचे दिवस होते एवढंच घरात सांगायचे. आई मी चालायला लागायच्या आधीच गेली. मला वाढवलं ते माझ्या बहिणीनं, जानकी तिचं नाव, मी तिला बाय म्हणतो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणजे ती पण तेव्हा पोरच, पण काय सांगू तुमाला, पेजेतली शितं मला भरवायची आणि वरचं पाणी आपण प्यायची, हे तिनं कधी नाही सांगितलं, शेजारणींनी सांगितलं. बाप तापट, हातात असेल ते फेकून मारायचा, तो राग माझ्यात पण उतरलाय, तर बाय मला पाठीशी घालून उभी राहायची आणि मार ती खायची. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते मी कुणा परक्याचं नाही केलं.

बायचं लग्न झालं ते नदीपलीकडच्या एका गावात. गावाचं नाव घेत नाही, घेतलं तर ज्या कचेरीचं पुढे सांगणार ती कुठली ते पण कळेल, आणि त्या कचेरीतली माणसं तशी वाईट नव्हती. भावोजी एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांची राखण करायचे, आणि त्या माडांतच त्यांचं घर. अशाला आमच्या गोव्यात मुंडकार म्हणतात, म्हणजे घर त्याचं, खालची जमीन भाटकाराची. मातीच्या भिंती, दोन खोल्या, पुढे ओटा, दार मी केलं होतं फणसाच्या लाकडाचं. भावोजी लवकर गेले, तापाचं निमित्त झालं, मूलबाळ नव्हतं, बाय एकटी पडली. मी म्हटलं ये पार्शाला, इथं काय कमी आहे. ती म्हणाली, माका माझा घर आसा मरे, भावाच्या दारात कित्याक येऊ. लहानपणापासून दुसऱ्याचंच करत आलेली ती बाई, तिला स्वतःचं म्हणून ते एवढंच मिळालेलं, दोन खोल्या आणि एक दार.

आता कायदा असा आला होता की मुंडकारानं कचेरीत जाऊन नोंद करून घ्यायची, नोंद झाली की मग त्याला घरातून कोण हलवू शकत नाही. बायनं अर्ज घातला. जुना भाटकार भला होता, त्याचा मुलगा मात्र म्हणायला लागला की ही राखणदाराची बायको, मुंडकार कसली, ह्यांना कालपरवा राहायला दिलंय. झाली केस सुरू. साक्ष कोण देणार? गावातली माणसं भाटकाराच्या विरुद्ध तोंड उघडत नाहीत, त्यांची पण घरं तिथंच. शेवटी पेद्रू रेंदेर उभा राहिला. रेंदेर म्हणजे माडावर चढून सूर, तुमची माडी, काढणारा, सगळं आयुष्य त्याच भाटात, माडांच्या बागेत, वरखाली केलेला म्हातारा. कचेरीत येऊन त्यानं सांगितलं, जानकीचो नवरो आणि त्याच्या आधी त्याचो बापूस, दोगूय ह्याच घरात जगले, मी वरसून पळयलां, माडावयल्यान सगळां दिसता. साहेब हसले, पण लिहून घेतलं, अंगठा घेतला. निकालाची तारीख तेवढी राहिली. आणि त्या पावसाळ्यात पेद्रू वारला. म्हणजे आता सगळं त्या कागदावर आलं, त्याच्या अंगठ्यावर.

बरं, आता माझ्या कामाचं सांगतो, तुमी आलात ते त्यासाठीच ना, मेस्तानं चार दिवसांत कचेरी कशी उभी केली ते ऐकायला. हे मी कुठल्या इंजिनेराकडे नाही शिकलो. आमच्याकडे जत्रेला नाटक असतंय, मराठी नाटक, गावचीच माणसं कामं करतात. तरुणपणी मी पडद्यामागं असायचो. दरबार काढून जंगल लावायचं, आणि तेवढ्या वेळात पेटीवाला एक पद वाजवणार, पद संपायच्या आत जंगल उभं पाहिजे, नाहीतर लोक शिट्ट्या मारतात. तेव्हा कळलं की ठोकाठोक हे कामच न्हय. काम आधी होतंय. कुठली चौकट कुणी उचलायची, कुणी कुठल्या बाजूनं आत यायचं, खिळा कुणाच्या खिशात, हे सगळं आधी ठरलं असेल तर उभं करायला वेळ लागत नाही. हे साधं आहे, पण कुणी करत नाही, सगळ्यांना करवत हातात घ्यायची घाई.

आणि कचेऱ्यांची कामं कशी चालायची माहीत आहे तुमाला? साखळीला एका कचेरीचं काम मी उमेदवारीत बघितलं, शिगम्याला सुरू केलं ते गणपतीची चवथ आली तरी चालूच. आज फळ्या नाहीत, उद्या गवंडी नाही, परवा रंग आणला तो चुकीचा, टेबलं ओट्यावर, कागद पावसात, आणि लांबून आलेली माणसं दारात उभी, उद्या या म्हणून. माझं टाळकं फिरायचं. मी ठरवलं, माझ्या हातात काम आलं तर असं होऊ देणार नाही.

मगे मी माझी रीत बसवली. काम मिळालं की आठ दिवस हत्याराला हात नाही लावायचा. वही घेऊन कचेरीत बाकावर बसायचं आणि बघायचं. कोण कुठं बसतंय, उठून कितीदा जातंय, कुठलं दार कुणाला अडतंय, उजेड कधी कुठून येतोय, चहावाला कुठून शिरतो. लोक म्हणायचे मेस्त पगार घेऊन डुलक्या घेतोय. मग पार्शाला येऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सारवून घ्यायचं आणि चुन्याच्या फक्कीनं अख्खी कचेरी खऱ्या मापात आखायची, भिंती, खिडक्या, खांब, सगळं. आणि माझी माणसं त्यात चालवायची. टेबल धरून ह्या दारानं या, त्या दारानं जा, कुठं अडकतंय ते तिथंच कळायचं. माझा गवंडी बसाप्पा, बेळगावकडचा, पहिल्यांदा हसून हसून बेजार, म्हणाला मेस्त, ह्ये काय आट्यापाट्यांचा डाव मांडलाय का काय. पण दोन कामं झाली आणि तोच दुसऱ्यांना दरडावायला लागला, ए, भिंतीवर पाय दिऊ नगं. टेबलं, कपाटं, काउंटर सगळं माझ्या मांगरात, म्हणजे कामाच्या खोपीत, आधीच कापून, तासून, एकदा जोडून, परत सोडवून, तुकड्यांवर खुणा घालून ठेवायचं. एका टेबलाचे स्क्रू एका करवंटीत. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, उंडे पाव किती दिवस किती वाजता हे पण सांगून ठेवायचं, कारण भुकेलं माणूस काम करत नाही, उगाच भांडतं.

त्याच सुमाराला गोवा घटक राज्य झालं. त्याच्या आधी भाषेचं एवढं रान पेटलं होतं, कोकणी की मराठी. आमच्या घरात बाप पोथी मराठीत वाचायचा आणि शिव्या कोकणीत घालायचा, आमाला दोन्ही आपल्याच, आमी कुणाकडे जाणार. पण राज्य झालं आणि खाती वाढली, साहेब वाढले, जुन्या पोर्तुगीज घरांतल्या कचेऱ्या पुरेनात. आणि बायची केस होती त्याच कचेरीचं काम माझ्याकडे आलं. साहेब नवे होते, तरुण, म्हणाले मेस्त, कचेरी बंद ठेवायची नाही, लोकांच्या तारखा चुकतात. मी म्हटलं साहेब, दसरा गुरुवारी आहे, शुक्रवारची सुटी तुमी द्या, शनिवार-रविवार बंदच, सोमवारी नव्या खुर्चीत बसा. त्यांचा विश्वास बसला नाही. बाहेरच्या पाटीचं विचारलं तर म्हणाले पाटी कोरीच ठेवा, कुठल्या भाषेत लिहायची त्यावर आधी भांडून घेऊ दे लोकांना. तेवढं एकच काम मी अर्धं सोडलं.

बायला सांगितलं तेव्हा ती एवढी खूश झाली. म्हणाली बाबू, थंय बसाक जागा करशील तर बायलांक पाठ टेकाक मिळात अशी कर, तीन तीन तास उभ्यान काडतंव आमी. बाबू म्हणायची मला. मी तशी केली, पाठ टेकायची बाकं, बाहेरच्या ओट्यावर दोन, आत एक. कुठल्या कचेरीत असली बाकं नव्हती तेव्हा.

आता ऐका, इथंच सगळं आहे. कचेरीत जुन्या लाकडी पेट्या होत्या, पोर्तुगीजांच्या वेळच्या, चाळीसेक, सगळ्या कागदांनी भरलेल्या. हेडक्लार्क म्हातारा, सरळ माणूस, त्यानं महिनाभर बसून यादी केली, वरून परवानगी आणली, की एवढ्या पेट्यांतले कागद मुदत संपलेले, ते रद्दीत द्यायचे, आणि अकरा पेट्या चालू कामाच्या, त्या ठेवायच्या. चिठ्ठ्या लावल्या तर खळ झुरळं खातात, रंगानं खूण करायला साहेब तयार नव्हते, जुनं लाकूड चांगलं म्हणून. मी म्हटलं चुन्याचा टिपका घालू. तर बसाप्पा म्हणाला, मेस्त, जायाच्या पेट्यास्नी खूण करा की, ऱ्हायाच्या हाईत त्या ऱ्हाऊ द्या तशाच. मी म्हटलं अरे खुळ्या, जायच्या तीस, ठेवायच्या अकरा, तीस टिपके घालत बसू का अकरा? वेळ कशात वाचतो? तो म्हणाला तुमचं बराबर, तुमी शिकल्यालं. काय वाचलं हो माझं? पाव तास. पाव तासाचं काम वाचवलं मी. मंगळवारी संध्याकाळी हेडक्लार्कबरोबर फिरून अकरा पेट्यांना टिपके घातले, वहीत लिहिलं, टिपका असेल ती ओट्यावर, नसेल ती ट्रकात.

बुधवारी कचेरी अर्ध्या दिवसानं बंद होणार होती, बंद करायच्या आधी त्यांनी पूजा केली. खंडेनवमीची, तुमच्याकडे पण असते, हत्यारांची पूजा. सुतार करवत पुजतो, गवंडी थापी पुजतो, तसं कचेरीतली माणसं दौत, टाइपरायटर, शिक्के, कपाटं, पेट्या पुजतात. पट्टेवाला विठू, देवभोळा माणूस, सकाळी लवकर आला, ओलं फडकं घेऊन साहेबांच्या दारापुढची जागा साफ केली, तिथं ज्या तीन पेट्या होत्या त्या वरखाली पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. न पुसता पुजतं का कोण? कळकट्ट वस्तूला कुंकू कोण लावतं? संध्याकाळी मी चावी घ्यायला गेलो तेव्हा माळा बघितल्या, बघून हात पण जोडले, काय सांगू तुमाला. पण चुना दिसतोय का ते बघितलं नाही. आणि मी तरी काय केलं त्या दिवशी? घरी येऊन माझी करवत, रंधा, पटाशी सगळं धुतलं, तेल लावून पुसलं, आणि मग पाटावर मांडलं. दर वर्षी करतो. सगळ्या कचेरीची माणसं वहीत लिहिली मी, विठूचं नाव होतं, तो किती वाजता चहा घेतो ते होतं. तो पूजेआधी पेट्या पुसणार हे लिहायला पाहिजे होतं, आणि ते मला सुचलं नाही, मला, ज्याच्या हातात त्याच दिवशी ओलं फडकं होतं.

दसऱ्याला हत्यार चालवायचं नाही, म्हणून गुरुवार मी फक्त हलवाहलवीचा ठेवला होता. बसाप्पा माणसं घेऊन सातला लागला, मी घरची पूजा उरकून आठला पोचलो. गेलो तर ट्रक भरून दारात उभा, ठरलेल्या वेळेला ठरलेला ट्रक. मी एवढा खूश, बसाप्पाच्या पाठीवर थाप मारली. ओट्यावर पेट्या ओळीनं लावलेल्या. वहीत अकरा लिहिलेलं, वही माझ्या काखेत, आणि मी मोजल्या नाहीत. आठ होत्या. ट्रक गेला, ड्रायव्हरनं हात केला, मी पण हात केला.

पुढचे तीन दिवस म्हणजे, खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातलं तसलं काम परत झालं नाही. जे खळ्यात चाललो होतो तेच तिथं चाललो. गवंड्यानं पाठ फिरवली की रंगारी, रंगारी खाली उतरला की वायरी, वायरी संपल्या की माझी टेबलं, एक तुकडा परत तासावा लागला नाही. रविवारी ऊन कलायच्या आत बाकं लागली. सोमवारी साहेब आले, दारातच उभे राहिले, म्हणाले मेस्त, ही माझीच कचेरी ना. पेढे वाटले. म्हापशाच्या बाजारात माणसं ओळख सांगायला लागली, डिचोलीहून बोलावणं आलं, एका बँकेचं आलं. माझी छाती कुठं मावत नव्हती.

दिवाळी झाली आणि बायची निकालाची तारीख आली. ती गेली, परत येऊन म्हणाली फायल गावना म्हणतत, नव्या जाग्यार आसात खंय तरी, फुडल्या म्हयन्यात ये म्हटलां. तेव्हा पण मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सहज हेडक्लार्ककडे गेलो, तर तो माझी वाटच बघत होता. चेहरा उतरलेला. म्हणाला मेस्त, पेट्या आठच आहेत. आमी दोघं गेलो, मोजल्या, परत मोजल्या. विठूला बोलावलं, विचारलं तू पेट्या पुसलेल्यास? तो म्हणाला पुसल्यो न्हय तर, पूजा ती. कुठल्या? त्यानं हातानं जागा दाखवली. तिन्ही पेट्या मुंडकारांच्या केसींच्या. मी बाकावर बसलो, बायसाठी केलेल्या त्याच बाकावर.

मी तसाच म्हापशाला रद्दीवाल्याकडे धावलो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. माल गाडी भरून घाटावर कागदाच्या गिरणीत गेलेला, केव्हाच. रद्दीवाला म्हणाला आता त्याचे पुठ्ठे झाले असतील मेस्त. परत आलो. हेडक्लार्क म्हणाला, माझी पेन्शन वर्षावर आलीय, सही माझी आहे, तूर्त शोध चालू आहे म्हणून सांगू, बाकीच्यांचे साक्षीदार जिवंत आहेत, त्यांना परत बोलावून कागद करून घेऊ हळूहळू. आणि केले त्यानं तसे, खरंच केले, बाकीच्यांचं निभावलं. माझ्या बायचा साक्षीदार तेवढा मातीत. मी काय म्हणालो? मी म्हणालो बरं. त्याची पेन्शन होती, आणि माझं नाव होतं, डिचोलीचं काम दारात होतं. साहेबांना कळलं की मेस्ताच्या रीतीनं तीन पेट्या गेल्या तर कोण बोलावणार मला. ही खरी गोष्ट आहे, लिहा.

वर्षभर बाय तारखेला जात राहिली. दर महिन्याला. पहाटे उठून डोकं विंचरून, चांगली साडी नेसून, पिशवीत हेडक्लार्कला नारळ नाहीतर केळी, दोन बस बदलून. तो म्हातारा तिला खुर्ची द्यायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, शोधतोय. ती बाकावर बसून आजूबाजूच्या बायकांना सांगायची, ही कचेरी म्हज्या भावान केली, चार दिसांत. परत जाताना कधी पार्शाला यायची, माझ्याकडे जेवायची, आणि म्हणायची गावतली रे फायल, कागदाक पाय थोडेच आसतत. माझी बायको माझ्याकडे बघायची, तिला ठाऊक होतं. मी पानातला भात चिवडायचो. किती वेळा तोंडाशी आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाचं कुणाला.

भाटकाराच्या मुलानं जमीन विकायला काढली. बायला म्हणाला कागद दाखव. ती म्हणाली कचेरीत आसा. तो म्हणाला आण. कुठून आणणार. त्यानं थोडं थांबून बघितलं, मग माणसं आणली, कौलं उतरवली. मी गेलो तोपर्यंत एक भिंत पडली होती. बाय रडत नव्हती, अंगणात रगड्यावर बसली होती, म्हणाली ह्यो रगडो तेवढो घेऊया बाबू, बाकी काय नाय. दोन माणसांनी तो रगडा टेंपोत चढवला. फणसाचं दार मी काढून घेतलं, अजून मांगरात उभं आहे, कशालाच लावलं नाही.

पार्शाला आली, आणि तरी पुढच्या तारखेला सकाळी उठून तयार. साडी नेसलेली, हातात पिशवी. म्हणाली फायल गावली तर सरकार घर परत बांधून दिता असां कोणतरी म्हणा होतो. तेव्हा माझ्यानं नाही राहवलं. मी म्हटलं बाय, जाऊ नको. बस. आणि सगळं सांगितलं, चुना, पूजा, ट्रक, सगळं, पाव तासाचं पण सांगितलं. ती उभीच होती. ऐकून झाल्यावर तिनं घरासाठी एक शब्द काढला नाही. विचारलं, तुका कधी कळलां? मी म्हटलं दिवाळीनंतर. ती म्हणाली, खंयची दिवाळी, गेल्या वरसाची? मी मान हलवली. मगे माका वरसभर कित्याक धाडलंस? एवढंच विचारलं. चूक जाता माणसाची, पण माका नारळ घेऊन कित्याक धाडीत रवलंस? तिनं पिशवी खुंटीला लावली, साडी बदलली, घडी घातली, आणि चुलीपाशी जाऊन बसली.

मी नंतर साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं, तोवर ते साहेब बदललेले, नवे म्हणाले दप्तरात काहीच नाही तर मी कशावर निकाल देऊ. हेडक्लार्क पेन्शनीत गेला आणि वर्षभरात वारला, त्याच्यावर माझा राग नाही. बसाप्पा मात्र रडला. म्हणाला मेस्त, मी सातला त्या पेट्या स्वतःच्या हातानं उचलल्या, माळ काढून बाजूला ठिवली आणि उचलल्या. त्याला पण तेवढंच माहीत, टिपका नाही ती ट्रकात. काम मी पुढेही केलं, सोडून खाणार काय, डिचोली, साखळी, म्हापसा, पण रीत बदलली. खूण जायच्या वस्तूला. पुसली गेली तर वस्तू चुकून राहील, चुकून जाणार नाही. आणि ट्रक सुटायच्या आधी मी स्वतः मोजतो, तीनदा, वेळ जाऊ दे किती जातो तो. माझ्याकडे शिकलेल्यांना हे शिकवलं, कशावरून शिकलो ते नाही सांगितलं.

बाय माझ्याकडेच आहे तेव्हापासून. आता नव्वदीला टेकली असेल. घरातलं सगळं तिनंच बघितलं, माझ्या नातवंडांना पेज भरवली, माझ्या आजारपणात पाय चेपले, कधी उलट शब्द नाही, कधी टोमणा नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं मला बाबू म्हटलं नाही. मेस्त म्हणते. सगळा गाव म्हणतो तसं. मेस्त, पेज वाडलां. मेस्त, तुमका कोण तरी सोदता. तुमका म्हणते मला, आठ वर्षांनी मोठी बहीण. मी एकदा चिडून म्हटलं बाय, पायतान काढून मार गे माका, पण असां नको करू. ती म्हणाली, कसां करतंय मी? आणि निवडायला घेतलेले तांदूळ निवडत राहिली.

गेल्या महिन्यात मी वकिलाकडून कागद करून आणला. घराच्या उगवतीकडची खोली, तिला बाहेरून वेगळं दार आहे, ती आणि पुढचं थोडं अंगण तिच्या नावावर. म्हटलं उद्या मी गेलो तर मुलं चांगली आहेत, पण सुना, नातसुना, कुणाचं काय सांगावं, आणि बाजूची जमीन आता दिल्ली-मुंबईवाले मागतात. कागद तिच्यापुढं ठेवला, शाईची डबी ठेवली, म्हटलं अंगठा कर. तिनं डोळ्याजवळ नेऊन कागद बघितला, वाचता येत नाही तरी बघितला. विचारलं, ह्यो कागद मगे खंय रवतलो? मी म्हटलं नोंद होऊन कचेरीत. तिनं डबी झाकली. म्हणाली कचेरीत जाल्यार नको. मी म्हटलं अगे घरात ठेवतो नक्कल, दोन करतो, चार करतो. ती म्हणाली, मी हय रवतंय ती एका आवयच्या पोटचीं म्हणान रवतंय, कागदार न्हय. समजलात मेस्त?

तर तो कागद तसाच आहे, माझ्या पेटीत, अंगठ्याशिवाय. ती आत आहे आता, तुमच्यासाठी चहा करतेय, तुमी जाताना तिच्या पाया पडा, बरं वाटेल तिला. मला स्वतःसाठी आता काही नको. संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा देवाकडे एकच मागणं करतो, भावानं बहिणीसाठी असलं मागू नये हे मला कळतं, पण मागतो, की तिला माझ्या आधी ने. माझ्यामागं तिला परत कोण कागद दाखव म्हणायला नको.